महामारीतील थकीत भाडे, कामगारांचे पगार आणि भावाच्या पश्चात मिळायची देणी : कोणती मुदत अजून शिल्लक आहे?

शापोराकाठ (पेडणे), ११ एप्रिल २०२२

सर्वांना नमस्कार. प्रश्न थोडा लांबलचक आहे, पण त्याचे तुकडे एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे एकत्रच मांडतो.

म्हापशात भाड्याच्या जागेत माझे छोटे रेस्टॉरंट आहे. मार्च २०२० मध्ये ते बंद झाले, तेव्हा माझ्याकडे सात कामगार होते. त्यांपैकी तिघे झारखंडचे असून ते मे महिन्यात थिवीहून श्रमिक गाडीने गावी गेले. एप्रिल आणि मे या दोन महिन्यांचा मी सर्वांना अर्धा पगार दिला, कारण त्याहून अधिक देण्यासारखी माझी परिस्थिती नव्हती. आता त्या तिघांपैकी एक जण राहिलेला अर्धा पगार मागतो आहे आणि केंद्र सरकारच्या आदेशाचा हवाला देतो आहे. दुसरीकडे जागामालकांनी एप्रिल ते ऑगस्ट २०२० या पाच महिन्यांच्या थकलेल्या भाड्यासाठी व्याजासह मागणी करणारी नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवली आहे. ती मला ४ एप्रिलला मिळाली. सरकारी आदेशानेच धंदा बंद असताना भाडे द्यावे लागते का, आणि दोन वर्षांपूर्वीचे भाडे आता मागता येते का, हे मला समजून घ्यायचे आहे.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. माझे थोरले बंधू कांदोळीच्या एका हॉटेलात अकरा वर्षे स्वयंपाकघरात कामाला होते. जून २०२० मध्ये हॉटेलने त्यांना ‘बिनपगारी सुट्टी’वर पाठवले आणि ऑक्टोबरमध्ये परत बोलावले. मे २०२१ मध्ये बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) त्यांचे निधन झाले. कोविडची चाचणी सकारात्मक आली होती, परंतु रुग्णालयाच्या कागदावर मृत्यूचे कारण न्यूमोनिया असे लिहिले आहे, आणि म्हणून आपल्याला काही मिळणार नाही असे समजून वहिनींनी आजवर कुठेही अर्ज केला नाही. पगाराच्या पावतीवर पीएफ आणि ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) कपात दिसते. मूळ पगार १३,००० आणि एकूण १८,००० रुपये होता. पीएफसाठी त्यांनी लग्नाआधी आईचे नाव लावले होते. मुले दोन, दोन्ही शाळेत आहेत. हॉटेलचे व्यवस्थापन म्हणते की जूनमध्ये जुनी नोकरी संपली आणि ऑक्टोबरमध्ये नवी सुरू झाली.

जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मये-तळे (डिचोली), ११ एप्रिल २०२२

आपल्या बंधूंविषयी वाचून वाईट वाटले. मी वकिली करते, तेव्हा कायद्याच्या बाजूने लिहिते. कागद पाहिल्याशिवाय याला सल्ला मानू नये.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. महामारीच्या काळात जे आदेश निघाले, त्यांनी बहुतेक ठिकाणी देणे पुढे ढकलले, ते रद्द केले नाही. आणि ज्या तारखेपर्यंत ढकलले होते त्या तारखा आता येऊन ठेपल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दाखल करून घेतलेल्या प्रकरणात १० जानेवारी २०२२ रोजी शेवटचा आदेश दिला. त्यानुसार १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ दावे, अपिले आणि अर्जांच्या मुदतीतून वगळला जातो, आणि ज्यांची मुदत या काळात संपली असती त्यांना १ मार्च २०२२ पासून ९० दिवस मिळतात. म्हणजे २९ मे. ज्या दाव्याचे कारणच या काळात उद्भवले त्याची संपूर्ण मुदत १ मार्चपासून नव्याने धावते की ९० दिवसांतच अडकते, यावर वकिलांमध्ये अजून वाद चालू आहे. आपण त्या वादात न पडता २९ मे हीच शेवटची तारीख धरावी.

भाड्याविषयी. २९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने जो आदेश काढला, त्यात घरमालकांनी एक महिना भाडे मागू नये असे म्हटले होते, पण ते कामगारांच्या, विशेषतः स्थलांतरित कामगारांच्या राहत्या जागेपुरते होते. दुकान किंवा रेस्टॉरंटच्या भाड्याला त्याचा आधार मिळत नाही. दुसरा युक्तिवाद नेहमी केला जातो तो असा की जागा वापरताच आली नाही, म्हणून करार निष्फळ ठरला. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये भाडेकरूला तशी सुटका आहे, परंतु त्यासाठी जागा मोठ्या प्रमाणात आणि कायमची निरुपयोगी व्हावी लागते. टाळेबंदी कायमची नव्हती. दिल्ली उच्च न्यायालयापुढे मे २०२० मध्ये खान मार्केटमधील एका चपलांच्या दुकानाच्या भाडेकरूंनी भाडे तहकूब करण्याची मागणी केली होती. न्यायालयाने भाडे माफ केले नाही, फक्त भरण्यासाठी काही अवधी दिला. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नसला तरी विचारांची दिशा तीच आहे. अपवाद एकच संभवतो : करारपत्रात दैवी आपत्ती किंवा सरकारी बंदीच्या काळात भाडे लागू नसल्याचे स्पष्ट कलम असेल तर. ते कलम शब्दशः वाचून पाहावे.

थकीत भाड्याच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, म्हणून मालकांची मागणी कुठल्याही हिशेबाने मुदतबाह्य नाही. आपल्याला खरा धोका वेगळा आहे. जागेला १९६८ चा गोव्याचा भाडे नियंत्रण कायदा लागू असेल, तर तीन महिन्यांची थकबाकी झाल्यावर मालकाने रजिस्टर नोटीस दिल्यापासून ३० दिवसांत कायदेशीर देणे चुकते न केल्यास जागा खाली करून घेण्याचे कारण मालकाला मिळते. नोटीस ४ एप्रिलला मिळाली असल्यास ४ मेपूर्वी काही तरी करणे भाग आहे. निदान मूळ भाड्याची रक्कम बँकेतून पाठवावी आणि व्याजाचा मुद्दा लेखी उत्तरात वेगळा ठेवावा. मालकाने रक्कम नाकारली तरी पाठवल्याचा पुरावा आपल्या हाती राहील.

कामगारांच्या पगाराविषयी थोडे वेगळे आहे. त्याच २९ मार्चच्या आदेशात मालकांनी बंदच्या काळात कपात न करता पगार द्यावा असे म्हटले होते, आणि तो आदेश १८ मे २०२० पासून मागे घेतला गेला. त्या पन्नास दिवसांवरून मालक मंडळी सर्वोच्च न्यायालयात गेली. १२ जून २०२० रोजी न्यायालयाने सांगितले की मालकांवर सक्तीची कारवाई करू नये, आणि मालक व कामगार यांनी आपापसांत बोलून, गरज पडल्यास कामगार खात्याच्या मध्यस्थीने, तडजोड करावी. आदेश वैध होता की नाही याचा निवाडा त्यात झालेला नाही. म्हणून ‘पूर्ण पगार द्यायलाच हवा’ हे त्या कामगाराचे म्हणणे आज सिद्ध झालेले नाही, तसेच ‘मी काहीच देणे लागत नाही’ असे आपणही ठामपणे म्हणू शकत नाही. वेतन प्रदान कायद्याखालील दाव्याला एरवी १२ महिन्यांची मुदत असते, पण वर सांगितलेल्या वगळणुकीमुळे तो दरवाजा तूर्त बंद झालेला नाही.

बंधूंच्या प्रश्नावर फोंड्याच्या हिशेबनीसांनी लिहिल्यास बरे. पीएफ आणि ईएसआयमध्ये त्यांचा हात माझ्यापेक्षा बसलेला आहे.

हिशेबनीस (फोंडा), १२ एप्रिल २०२२

वकील ताईंनी नाव घेतलेच आहे, तर लिहितो.

आपल्या बंधूंच्या प्रकरणात सगळे एका गोष्टीवर फिरते : जून ते ऑक्टोबर २०२० या काळात ते नोकरीत होते की नव्हते. व्यवस्थापन आज तोंडी काय सांगते याला फारसे महत्त्व नाही. त्यांनी तेव्हा काय लिहिले ते पाहावे. बंधूंचा यूएएन (पीएफचा कायमस्वरूपी ओळख क्रमांक) पगाराच्या पावतीवर असेल. पीएफच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का, ऑक्टोबरमध्ये त्याच सदस्य क्रमांकावर पैसे जमा झाले की नवा क्रमांक उघडला, हे पासबुकात स्वच्छ दिसते. जूनमध्ये सोडल्याची तारीख भरलेली नसेल आणि क्रमांक तोच असेल, तर ‘नवी नोकरी’ हे व्यवस्थापनाचे म्हणणे त्यांच्याच नोंदीने खोटे पडते. सुट्टीवर पाठवतानाचा ईमेल, व्हॉट्सॲपवरचा संदेश किंवा एखादी चिठ्ठी वहिनींकडे असल्यास ती जिवापाड जपावी. त्या काळात अनेक ठिकाणी राजीनाम्यावर सह्या घेतल्या गेल्या. तसे काही झाले होते का, हेही विचारून घ्यावे.

याने फरक किती पडतो ते पाहा. पीएफबरोबर ईडीएलआय नावाचा विमा असतो आणि नोकरीत असताना मृत्यू झाल्यास तो मिळतो. २८ एप्रिल २०२१ रोजी सरकारने त्याची कमाल मर्यादा ६ लाखांवरून ७ लाख केली, म्हणजे बंधूंच्या निधनाच्या वेळी ती लागू होती. मृत्यूपूर्वी सलग १२ महिने नोकरी असल्यास सरासरी मासिक पगाराच्या ३५ पट रक्कम मिळते. मूळ पगार १३,००० धरला तर ४,५५,००० रुपये, आणि त्यावर पीएफच्या सरासरी शिलकीच्या निम्मी रक्कम, जी १,७५,००० पेक्षा अधिक असू शकत नाही. सलगता तुटली असे ठरले तर जुन्या सूत्राने हिशेब होतो आणि तो आकडा याच्या आसपासही पोहोचत नाही. ग्रॅच्युइटीचेही तेच. मृत्यू झाल्यास पाच वर्षांची अट राहत नाही आणि दर वर्षाला १५ दिवसांचा पगार २६ दिवसांच्या महिन्याने मोजला जातो : १३,००० भागिले २६ गुणिले १५, म्हणजे वर्षाला ७,५००, आणि अकरा वर्षांचे ८२,५०० रुपये. व्यवस्थापनाचे ‘नवी नोकरी’ हे म्हणणे मान्य केले, तर मग जूनमध्ये दहा-अकरा वर्षांची सेवा संपवताना त्यांनी ग्रॅच्युइटी, एका महिन्याची नोटीस आणि नोकरकपातीची भरपाई का दिली नाही, हा प्रश्न त्यांच्याच गळ्यात येतो. हे त्यांना शांतपणे, पण लेखी विचारावे. दोन्हीकडून पळता येत नाही हे कळले की अशी व्यवस्थापने बहुधा नरमतात.

आईच्या नावाबद्दल. पीएफ योजनेत लग्नानंतर नव्याने नामनिर्देशन करावे लागते आणि लग्नापूर्वीचे आपोआप रद्द समजले जाते. त्यामुळे दुसरे नामनिर्देशन नसल्यास रक्कम कुटुंबातील पात्र सदस्यांत समान वाटली जाते. पत्नी आणि अल्पवयीन मुले त्यात येतात, आणि आई बंधूंवर अवलंबून होत्या असे असल्यास त्याही येतात. पीएफसाठी फॉर्म २०, विम्यासाठी फॉर्म ५-आयएफ आणि विधवा व मुलांच्या मासिक पेन्शनसाठी फॉर्म १०-डी, असे तिन्ही एकदमच भरावेत. पेन्शन अनेक कुटुंबे विसरतात, कारण पीएफचे पैसे हातात आले की फाइल संपली असे त्यांना वाटते.

आता ईएसआय. पगार २१,००० च्या आत असल्यामुळे बंधू विमाधारक होते. ईएसआय महामंडळाने २४ मार्च २०२० पासून लागू केलेल्या कोविड मदत योजनेत, कोविडने मृत्यू झालेल्या विमाधारकाच्या आश्रितांना सरासरी दैनंदिन पगाराच्या ९० टक्के या दराने मोजलेली रक्कम दरमहा मिळते. अटी अशा की निदानाच्या किमान तीन महिने आधी नाव पोर्टलवर नोंदलेले असावे, निदानाच्या दिवशी माणूस नोकरीत असावा, आणि त्याआधीच्या एका वर्षात ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असावी. ऑक्टोबरपासून मेपर्यंत काम केले असल्यामुळे, सलगतेचा वाद बाजूला ठेवला तरी बंधू या अटीत बसतात. माझ्या मते सर्वांत मोठा आधार हाच आहे, कारण तो दरमहा येतो आणि वहिनींना हयातभर, पुनर्विवाह न केल्यास, मिळत राहतो. उद्याच जवळच्या शाखा कार्यालयात जावे.

जाता जाता आपल्या धंद्याविषयी दोन गोष्टी. २०२० मध्ये कर्जाचे हप्ते थांबवले असल्यास (१ मार्च ते ३१ ऑगस्टची सवलत) त्या काळातील व्याजावरचे व्याज आपल्याला परत मिळाले का, हे खाते उताऱ्यावर तपासावे. सर्वोच्च न्यायालयाच्या २३ मार्च २०२१ च्या निकालाने कर्ज कितीही मोठे असले तरी चक्रवाढ व्याज घेता येत नाही, आणि घेतले असल्यास ते पुढच्या हप्त्यात वळते करायला हवे. मूळ व्याज मात्र माफ झालेले नाही. दुसरे असे की हॉटेल-रेस्टॉरंट व्यवसायासाठी सरकारी हमीची आपत्कालीन कर्जयोजना यंदाच्या अर्थसंकल्पात मार्च २०२३ पर्यंत वाढवली आहे. भाड्याची थकबाकी एकरकमी मिटवण्यासाठी तिचा विचार करावा, अर्थात पुढच्या हंगामावर विश्वास असेल तरच.

वाळपईची ताई, १२ एप्रिल २०२२

मी कायदा शिकलेली नाही, पण कोविडने मृत्यू झालेल्यांच्या कुटुंबांना मिळणाऱ्या ५०,००० रुपयांच्या सानुग्रह मदतीचा अर्ज माझ्या मावशीसाठी मी स्वतः केला आणि ती रक्कम तिच्या खात्यात आली, म्हणून एवढेच लिहिते.

‘न्यूमोनिया’ लिहिले आहे म्हणून थांबू नका. सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२१ रोजी स्पष्ट सांगितले आहे की मृत्यूच्या कागदावर कोविड लिहिलेले नाही एवढ्याच कारणाने मदत नाकारता येणार नाही. चाचणी सकारात्मक आल्यापासून ३० दिवसांत मृत्यू झाला असेल तर तो कोविडचा धरला जातो, आणि रुग्णालयात दाखल असतानाच मृत्यू झाला असेल तर ३० दिवस उलटले तरी चालते. मावशीच्या यजमानांच्या कागदावर ‘श्वसनक्रिया बंद पडल्याने’ असे होते. जिल्हा समितीने आरटीपीसीआरचा अहवाल आणि दाखल केल्याची तारीख पाहिली आणि प्रमाणपत्र दिले. म्हणून आधी गोमेकॉच्या वैद्यकीय नोंदी विभागातून बंधूंच्या केस पेपरची प्रत मागून घ्या. चाचणीचा मोबाईलवर आलेला संदेश कोणाच्या फोनमध्ये राहिला असेल तर त्याचाही कागद काढा.

आमचा अर्ज अडला तो मात्र कोविडवर नाही, नावावर. आधारवर यजमानांचे नाव ‘यशवंत’ आणि मृत्यू दाखल्यावर ‘येसो’, कारण दाखला नोंदवताना कोणी तरी घरच्या हाकेचे नाव सांगितले होते. प्रतिज्ञापत्र करून ते मिटले, पण त्यात बरेच आठवडे गेले. दुसरे म्हणजे मावशीचे बँक खाते आधारशी जोडलेले नव्हते आणि पैसे थेट त्यातच येतात. वहिनींचे खाते आजच तपासा.

तारीख महत्त्वाची आहे. २४ मार्चला न्यायालयाने सांगितले की २० मार्च २०२२ पूर्वी झालेल्या मृत्यूंसाठी ६० दिवसांत अर्ज करावा. म्हणजे २३ मे. उत्तर गोव्यासाठी अर्ज पणजीला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. हे ५०,००० रुपये इतर कोणत्याही मदतीतून वजा होत नाहीत, तेव्हा राज्य शासनाने दुर्बल उत्पन्न गटातील कुटुंबांसाठी जाहीर केलेल्या २ लाखांच्या योजनेचीही चौकशी त्याच फेरीत करा. पंतप्रधानांच्या नावाची मुलांसाठीची दहा लाखांची योजना आई-वडील दोघेही गमावलेल्या किंवा उरलेला एकमेव पालक गमावलेल्या मुलांसाठी आहे, त्यामुळे ती तुमच्या पुतण्यांना लागू होत नाही.

म्हापसा-बाजार, १३ एप्रिल २०२२

मी स्वतः दुकानदार आहे, म्हणून त्या झारखंडच्या मुलाविषयी दोन शब्द लिहितो. न्यायालयाने तडजोड करा म्हटले आहे, तर ती खरोखर करावी. अर्ध्या पगारातला निम्मा भाग किंवा तीन हप्त्यांत सगळी रक्कम, जे झेपेल ते ठरवून, बँकेतून पाठवून, त्याच्या सहीचा हिंदीतला कागद मागवून घ्यावा. एकाशी केलेली तडजोड उरलेल्या सहांनाही कळणार आहे, हे धरूनच आकडा ठरवावा. आणि न मागणाऱ्यांनाही तोच आकडा द्यावा असे माझे मत आहे. आज म्हापशात चांगला तंदूरवाला शोधून पाहा, म्हणजे मी हे का म्हणतो ते कळेल.

शापोराकाठ (पेडणे), १४ एप्रिल २०२२

सर्वांचे मनापासून आभार. वहिनींनी काल जुना फोन शोधून काढला. त्यात हॉटेलच्या व्यवस्थापकाचा १ जून २०२० चा संदेश आहे : ‘पुढील सूचना मिळेपर्यंत सर्व स्वयंपाकघर कर्मचारी बिनपगारी रजेवर राहतील.’ पासबुकात सदस्य क्रमांकही तोच आहे आणि सोडल्याची तारीख कोरी आहे.

दोन प्रश्न उरले. बंधूंच्या नावावरच्या घराच्या हिश्शाचे आणि बँकेतील ठेवीचे काय? आणि एका समारंभ आयोजकाने मला जेवणाच्या कंत्राटाचा दिलेला धनादेश ऑगस्ट २०२१ मध्ये वटला नाही. तेव्हा घरात सुतक आणि आजारपण असल्यामुळे मी नोटीस पाठवली नाही. आता उशीर झाला का?

मये-तळे (डिचोली), १४ एप्रिल २०२२

तो फोन वहिनींकडेच राहू द्या, संदेश पुसू नका, आणि पासबुकाची प्रत आजच छापून ठेवा. ‘रजेवर राहतील’ या शब्दांत नोकरी चालू असल्याची कबुली त्यांनी स्वतःच दिली आहे.

घर आणि ठेवीविषयी : लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसल्यास गोव्यात पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते, त्यामुळे निम्मा वाटा वहिनींचा आधीपासूनच आहे. तो वारसाने येत नाही. बंधूंचा निम्मा दोन्ही मुलांना समान जातो. आपण आणि आपल्या आई त्यात येत नाही. बँकेतील नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते, मालक होत नाही. वारसाचा दस्त उपनिबंधकाच्या कार्यालयात खास नोटरीपुढे करता येतो, आणि वडिलार्जित घर भावंडांत वाटलेलेच नसेल तर त्यासाठी इन्व्हेंटरीची (न्यायालयामार्फत मालमत्तेची यादी करून वाटणी करण्याची) कार्यवाही लागेल. याला वरच्या तारखांची घाई नाही. विमा, ईएसआय आणि सानुग्रह मदत आधी उरकावी.

धनादेशाला उशीर झालेला नाही. बँकेचा परतीचा कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते, आणि आपले ते ३० दिवस वगळलेल्या काळातच पडतात. १० जानेवारीच्या आदेशात धनादेशाच्या कायद्यातील कलम १३८ च्या या मुदतींचा नाव घेऊन उल्लेख आहे. नोटीस रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह, या आठवड्यातच पाठवावी. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात तक्रार दाखल करावी लागेल, आणि ही शेवटची मुदत आता नेहमीसारखीच मोजली जाईल. कंत्राट घेण्याआधी आपली उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) झालेली असल्यास लघुउद्योगांच्या परिषदेकडे ४५ दिवसांनंतरच्या व्याजासह मागणी करण्याचा वेगळा मार्गही आहे. नोंदणीची तारीख कळवावी, म्हणजे मसुदा कोणत्या वळणाने करायचा ते सांगते.